शून्याचा खुलासा

कुणी नुसतं "छान" म्हटलं तरी बिनतारी लगेच विचारायचा, "कशाच्या मानानं?"

आज फार उकडतंय. कशाच्या मानानं? चहा गोड झालाय. कशाच्या मानानं? शेजारी एकदा कौतुकानं म्हणाले, "आमचा मुलगा हुशार आहे हो," आणि ह्यानं तोच प्रश्न टाकला. ते शेजारी त्यानंतर चार वर्षं बोलले नाहीत. बायको मात्र मुरलेली होती. "आजची भाजी चांगली झालीय," असं ती म्हणाली आणि ह्यानं "कशाच्या मानानं?" विचारलं, की ती ताट पुढे सरकवून म्हणायची, "उद्याच्या मानानं. उद्या मी करणारच नाहीये."

त्याला बिनतारी म्हणत, कारण एकतीस वर्षं तो रुग्णवाहिका खात्यात वायरलेसचे संच दुरुस्त करत आला होता. टेकडीच्या माथ्यावर खात्याची बैठी इमारत, पुढे अंगणात तीन रुग्णवाहिका आणि मागे लोखंडी मनोरा. मनोऱ्याच्या पायाशी ह्याची खोली. खोलीत बॅटऱ्यांचा आंबट वास आणि मोडक्या मायक्रोफोनांनी भरलेले दोन डबे. खुर्ची एकच, कारण दुसरी ठेवली तर लोक बसतात आणि बसले की हा त्यांना डेसिबल समजावतो, असं ड्रायव्हर लोकांनी ठरवून तिला बाहेर नेलं होतं.

समजावायचा मात्र झकास, ते मान्य केलंच पाहिजे. "डेसिबल म्हणजे किलो नव्हे, लिटर नव्हे," तो सांगायचा. "ते नुसतं नातं सांगतं. मी कुणाला 'थोरला भाऊ' म्हटलं, तर तुम्ही विचाराल ना, कुणाचा? तसंच. अमुक डेसिबल म्हटलं की विचारायचं, कुणापेक्षा? तीन जास्त म्हणजे दुप्पट. दहा म्हणजे दहापट. वीस म्हणजे शंभरपट. मायनस तीन म्हणजे निम्मं. आणि शून्य..." इथे त्याचं बोट वर जायचं. "शून्य म्हणजे काहीच नाही, असं नव्हे हं. शून्य म्हणजे जेवढ्यास तेवढं!" एव्हाना ड्रायव्हर गाडी पुसायला निघून गेलेला असायचा.

रोज सकाळी आठ वाजता हजेरी होई. टेकडीभोवती लांब-जवळ नऊ आरोग्यचौक्या होत्या. ऑपरेटर बाई एकेकीचं नाव पुकारत आणि तिकडून उत्तर येई, "ऐकू येतंय." लांबच्या चौक्या खरखरत बोलत, पण बोलत. शेवटचं नाव पायथा. टेकडीच्या थेट खाली, उतार संपतो तिथे चार-पाचशे घरांची वस्ती आणि तिच्यात एका खोलीचा दवाखाना. तिथे ना फोन लागे ना मोबाइल. होता तो हा एकच संच. तो चालवणारी परिचारिका म्हणजे बिनतारीची थोरली बहीण. तिचं उत्तर एकोणीस वर्षं ठरलेलं होतं. "पायथा. ऐकू येतंय. चहा घेतलास का रे?"

ऑपरेटर बाई तोंडाला पदर लावत. बिनतारी माईक हातात घेई आणि कोरड्या आवाजात म्हणे, "संचावर अनावश्यक बोलू नये. ओव्हर." एकोणीस वर्षांत एकदासुद्धा त्यानं चहाचं उत्तर दिलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. ताईसुद्धा काही कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि शेवटी 'आता तुझी पाळी' अशा अर्थाचं नियमातलं 'ओव्हर'ही न चुकता.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना खात्यात नवे साहेब आले. ते आधी गोदामांच्या खात्यात होते. तिथे पोत्यांचा हिशोब फार सोपा असतो. शंभर पोती म्हणजे शंभर आणि शून्य पोती म्हणजे शून्य. आल्याआल्या साहेबांनी भिंतीवर एक भलामोठा तक्ता लावला. खात्यातल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा आणि प्रत्येक आकड्याला एक रंग. शून्याला लाल, पाचपर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल दिसलं की ताबडतोब बदल. पिवळ्याचं पुढच्या वर्षी बघू. स्ट्रेचरला आकडा, टायरला आकडा, एवढंच काय, शिपायाच्या स्टुलालाही आकडा होता. त्या आकड्यासमोर कसला ते लिहिलेलं नव्हतं, पण रंग हिरवा होता, म्हणून कुणी विचारलं नाही.

बिनतारीकडेही फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, 'अँटेनाचा गेन (डेसिबल)', आणि त्यापुढे नखाएवढी चौकट.

आता मनोऱ्यावरचा अँटेना अगदी साधा, दोन दांड्यांचा. असल्या अँटेनालाच बिनतारीच्या धंद्यात मोजपट्टी धरतात. बाकीचे ह्याच्यापेक्षा किती जास्त, तो त्यांचा गेन. मोजपट्टीनं मोजपट्टीच मोजली तर फरक किती येणार? बिनतारीनं सुंदर अक्षरात चौकटीत लिहिलं, ०. केबलच्या रकान्यात लिहिलं, -३, कारण जुन्या केबलीत निम्मी ताकद वाटेतच जिरत होती. सही केली, तारीख घातली आणि फॉर्म देऊन टाकला. चहाच्या गोडीलाही "कशाच्या मानानं" विचारणारा हा गृहस्थ, पण चौकटीपुढे ते दोन शब्द लिहायचे राहून गेले. चौकट लहान होती हो! आणि त्याला वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. 'मनोऱ्यावरील अँटेना शून्य काम करत असल्याचे आपणच लेखी कळवले आहे. असा बंद अँटेना एकोणीस वर्षे का ठेवला? तसेच केबल शून्याच्याही खाली कशी गेली व त्यास जबाबदार कोण? सात दिवसांत खुलासा करावा.' सोबत आदेश होता, लाल अँटेना काढून त्या जागी नऊ डेसिबलचा नवा बसवावा.

नोटीस वाचून बिनतारीला आधी हसू आलं आणि मग आदेश वाचून ते मावळलं. नऊचा अँटेना म्हणजे काय, हे खात्यात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. अँटेना काही स्वतःची ताकद निर्माण करत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तो फक्त इकडची काढून तिकडे देतो. उभा, उंच नऊवाला सगळी ताकद चपटी करून क्षितिजाकडे पाठवतो. लांबच्यांची चंगळ. पण ती आणतो कुठून? वरून आणि खालून. आणि खाली पायथा होता.

संध्याकाळी घरी त्यानं नोटीस वाचून दाखवली. बायको कणीक मळत होती. लेक शाळेत गणित शिकवायची, ती म्हणाली, "बाबा, दोन पॉइंट पंधरा लिहा की. कंपन्या कॅटलॉगात तेच करतात. तोच अँटेना, पण तुलना त्या काल्पनिक बिंदूशी, जो सगळीकडे सारखं फेकतो. दोन म्हणजे पिवळा. पिवळ्याचं पुढच्या वर्षी. विषय संपला."

"जो अँटेना जगात कुणी पाहिलेला नाही, त्याच्याशी तुलना करून मी स्वतःच्या अँटेनाला मोठा म्हणू?" बिनतारी उसळला. "उद्या म्हणशील, जे शेजारी नाहीतच त्यांच्यापेक्षा आपण श्रीमंत!"

"अहो बाबा, पण खोटं कुठे आहे त्यात?"

"खोटं नाही. पण शोभत नाही."

सुंभ जळेल, पण पीळ काही जळायचा नाही. लेकीनं कपाळाला हात लावला. बिनतारीनं बसून चार पानी खुलासा लिहिला, त्यात आकृत्या काढल्या, कोन मोजले. बायकोला वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दिव्याखाली अंधार, असंच ना?"

"तसंच."

"मग तेवढंच लिहा. चार पानं कोण वाचतंय!"

तेवढंच लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ह्यानं बायकोच्या पुढ्यातला कणकेचा एक गोळा मागून घेतला, डब्यात भरला आणि दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांच्या बाजूला हेडक्लार्क कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. चार पानी खुलाशाचं पहिलं पान साहेबांनी उलटं धरलं होतं, पण ते सांगायचं कुणी?

"मला थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले. "नवा नऊ, तुमचा शून्य. फरक किती पटीचा?"

"जवळजवळ पाच पट, साहेब."

"नऊ पट का नाही?"

"डेसिबल तसे मोजत नाहीत. नऊ म्हणजे आठ पट."

"मग पाच कुठून आले?"

"कंपनीनं ते नऊ काल्पनिक अँटेनापासून मोजलेत. आपल्या अँटेनापासून मोजले तर सातच्या आतच भरतात. सात म्हणजे पाच पट."

"आणि शून्य म्हणजे?"

"एक पट."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे नऊ म्हणजे आठ, आठ म्हणजे सात, सात म्हणजे पाच आणि शून्य म्हणजे एक."

"आठ म्हणजे सात नाही साहेब, नऊ म्हणजे सात, पण..."

"तुम्ही शेवटची रजा कधी घेतली होती?"

हेडक्लार्कनी तेवढ्यात हिशोब करून पाहिला होता. "शून्य गुणिले पाच केलं, साहेब. शून्यच येतंय."

बिनतारीनं मग डबा उघडला. गोळा टेबलावर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबला. "हे बघा. कणीक तेवढीच आहे, वाढली नाही. बाजूला पसरली, म्हणून लांबच्याला मिळेल. पण आता वर काय उरलं? खाली काय उरलं? पायथा खाली आहे, साहेब. तिथे माणसं आहेत."

साहेबांनी गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. एक क्षण बिनतारीला वाटलं, पेटला, दिवा पेटला! मग साहेब म्हणाले, "टेबल पुसून घ्या." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

सोमवारी दुपारी नवा अँटेना चढला. चढवला कुणी? बिनतारीनंच. दुसऱ्या कुणाला येतंय! जुना त्यानं स्वतःच्या हातानं उतरवला, फडक्यानं पुसला आणि खोलीच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. साहेबांनी लांबच्या दोन चौक्यांशी बोलून पाहिलं. आवाज खणखणीत! खरखर नावालाही नाही. बिनतारीनं मनातल्या मनात तेही प्रामाणिकपणे मान्य केलं. ह्या लांबच्यांचं भलं झालं होतं, ते नाकारण्यात काय अर्थ? "आता पायथ्याला हाक मारू," तो म्हणाला, पण साहेब तक्त्यावरचा लाल ठिपका हिरवा करायला गेले होते आणि त्यांच्यामागून सगळे टाळ्या वाजवायला. त्यानं एकट्यानंच चार वेळा हाक मारली. उत्तर आलं नाही. साहेबांकडे गेला तर साहेब म्हणाले, "त्यांचा संच बिघडला असेल. उद्या हजेरीत बघू." तो घरी गेला आणि जेवला नाही.

मंगळवारी आठ वाजता हजेरी सुरू झाली. आठ चौक्या एकामागून एक शेजारच्या खोलीत असल्यासारख्या बोलल्या. साहेब मुद्दाम खुर्ची ओढून बसले होते आणि प्रत्येक उत्तराला मान डोलावत होते.

"पायथा," ऑपरेटर बाईंनी पुकारलं.

काहीच नाही.

"पायथा, पायथा. ऐकू येतंय का?"

चहाचं कुणी विचारलं नाही. हेडक्लार्कनी वहीत लिहिलं, 'पायथा: गैरहजर.' साहेब म्हणाले, "बाईंना नोटीस काढा. उत्तर का दिलं नाही, सात दिवसांत खुलासा."

नोटीस टाइप होत होती तेव्हा, दहाच्या सुमारास, फाटकाशी गलका झाला. चार माणसं एक दार खांद्यावर घेऊन चढ चढून आली होती. दार म्हणजे खरोखरचं दार, बिजागरी अजून लटकत होती. त्यावर एक बाई आडवी होती, पांढरीफटक, आणि तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं मूल. मागून वस्तीतल्या दाईसोबत ताई येत होती, एका हातानं गुडघा धरून, घामानं निथळत. ड्रायव्हरनी काही विचारलंसुद्धा नाही. दोन मिनिटांत रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली होती.

ताई मात्र गाडीत बसली नाही. सोबतीच्या दाईला बसवून ती तशीच सरळ हजेरीच्या खोलीत आली. तिनं भिंतीला हात टेकला, दम घेतला आणि म्हणाली, "पायथा. हजर."

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्याला कुठला अँटेना लागतो!

"पहाटे पाचपासून हाका मारतेय," ती साहेबांना म्हणाली. "रक्त थांबत नव्हतं. संच चालू, दिवा लागलेला, पण पलीकडे कुणीच नाही. शेवटी दवाखान्याचं दार काढलं. दोन तास चढलो. वाचतील दोघं, असं वाटतंय. ह्या चौघांच्या खांद्यांनी वाचतील."

साहेब उठून उभे राहिले. ते भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. अँटेनासमोर हिरवा ठिपका होता.

बिनतारी बहिणीला आपल्या खोलीत घेऊन गेला, एकुलत्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग धडाधडा बोलायला लागला. नोटीस, तक्ता, कणकेचा गोळा, सगळं. "मी खरं तेच लिहिलं होतं, ताई. शून्य होता, शून्य लिहिला. अक्कल नाही ह्यांना!"

ताईनं पाणी संपवलं. कोपऱ्यातल्या जुन्या अँटेनाकडे तिनं बोट केलं. "शून्य?"

"हो."

"कशाच्या मानानं?"

बिनतारीनं समजावायला बोट वर नेलं.

"ते लिहिलं होतंस का?" ताई म्हणाली. "जन्मभर सगळ्यांना पिडलंस त्या दोन शब्दांनी. माझ्या लग्नात नवऱ्यामुलाची उंचीसुद्धा सोडली नाहीस. आणि लिहायची वेळ आली तिथे विसरलास होय रे?"

"चौकट लहान होती," तो पुटपुटला. आणि मग एकदम त्याचे डोळे भरून आले. लाज वाटली त्याला, मनापासून लाज वाटली. साहेबांना काही कळत नव्हतं, हे खरंच. पण त्याला तर कळत होतं ना? ज्याला कळतं त्यानंच शब्द गाळले, तर न कळणाऱ्यानं काय करायचं? आणि पिवळा ठिपका हाताशी होता, तोही ह्यानं शोभत नाही म्हणून सोडला होता.

त्यानं डोळे पुसले आणि कामाला लागला. खिडकीबाहेरच्या खांबाला त्यानं जुना अँटेना बांधला, मीटर जोडला आणि ताईच्या सोबत्यांतल्या एकाला संच चालू करायला खाली पाठवलं. तो पोचेपर्यंत दुपार झाली. मग आधी नव्या अँटेनावर पायथ्याचा आवाज मोजला, कानाला नाही पण मीटरच्या काट्याला तो जाणवत होता, आणि मग जुन्यावर. तीनतीनदा मोजला. कोरा फॉर्म मागवला आणि नखाएवढ्या चौकटीत लिहिलं, २०. चौकटीबाहेर, समासात, पानाच्या कडेपर्यंत बारीक अक्षरात लिहीत गेला: 'नव्या अँटेनाच्या मानानं, पायथ्याच्या दिशेला.' अक्षर न् अक्षर खरं. खालच्या दिशेला जुना नव्यापेक्षा शंभरपट चांगला ऐकत होता.

साहेबांनी फॉर्म हातात घेतला. समास त्यांनी वाचला नाही. त्यांची नजर चौकटीवर खिळली.

"वीस?" ते म्हणाले. "वीस! अहो, आपल्याकडे वीसचा होता आणि आपण नऊचा बसवला? इतके दिवस कुठे लपवून ठेवला होतात?"

"मनोऱ्यावरच होता, साहेब."

"ताबडतोब चढवा!"

"दोन्ही लागतील, साहेब. नऊचा लांबच्यांसाठी, हा खालच्यांसाठी."

"वीस आणि नऊ," हेडक्लार्कनी बटणं दाबली. "एकोणतीस होतात, साहेब."

डेसिबल असे एकमेकांत मिळवत नाहीत. बिनतारीच्या जिभेच्या टोकाशी ते आलं होतं, बोटसुद्धा अर्धं वर गेलं होतं. त्यानं ते खाली घेतलं. साहेबांनी तक्त्यावर एकोणतीस लिहिलं, भोवती हिरवं वर्तुळ काढलं आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिले. ताईच्या नावाची टाइप झालेली नोटीस त्यांनी हळूच घडी करून खिशात घातली. त्या एका गोष्टीसाठी बिनतारीनं त्यांना मनातल्या मनात माफ केलं.

संध्याकाळच्या आत दुसऱ्या संचाला जोडून जुना अँटेना मनोऱ्यावर चढला. दवाखान्याचं दार घेऊन ती माणसं उतरली होती, त्यांच्यामागून ताई काठी टेकत टेकत गेली.

बुधवारी आठ वाजता हजेरी झाली. आठ चौक्या बोलल्या. ऑपरेटर बाईंनी दुसरा माईक घेतला आणि पुकारलं, "पायथा."

"पायथा. ऐकू येतंय. चहा घेतलास का रे?"

ऑपरेटर बाईंनी सवयीनं माईक बिनतारीपुढे धरला. त्यानं बटण दाबलं. घसा खाकरला.

"घेतला, ताई," तो म्हणाला. "तू घेतलास का?"

तिकडून काहीच आलं नाही. ऑपरेटर बाईंनी घाबरून मीटरकडे पाहिलं, पण काटा जागच्या जागी होता. बिनतारी माईक घट्ट धरून वाट बघत राहिला.

"पायथा," बऱ्याच वेळानं ताईचा आवाज आला. "ऐकू आलं." ओव्हर म्हणायला ती विसरली.